उशी नसलेली पेटी

तर झालं असं, की यंदा आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. घरात कामं वाटली गेली. केटरर काकांकडे, गुरुजी आत्याकडे, आणि 'तू इंजिनियर आहेस ना' या न्यायाने आजोबांचं जुनं घड्याळ माझ्याकडे. सॉफ्टवेअरवाल्याला मिक्सर, पंखा, टीव्ही, गेलाबाजार गॅसची शेगडीसुद्धा दुरुस्त करता येते असा आमच्याकडे ठाम समज आहे. त्यात आता घड्याळाची भर.

घड्याळ म्हणजे एचएमटीचं 'जनता'. १९७० साली लग्नात पणजोबांनी, म्हणजे आजीच्या वडिलांनी, जावयाला दिलेलं. आजोबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होईपर्यंत रोज हे घड्याळ मनगटावर, आणि त्यानंतर एका पेटीत बंद. बाबांची कल्पना अशी की घड्याळ चालू करून, पेटी नीट करून, त्या दिवशी सगळ्यांसमोर आजोबांच्या हातात द्यायचं.

घड्याळाचं काम सोपं निघालं. पेठेतल्या एका जुन्या कारागिराने उघडलं, धुतलं, तेल घातलं, दोन दिवसांत टिकटिक सुरू. 'हे काय मरतंय' म्हणाले. खरी पंचाईत पेटीची झाली.

पेटी साधीच. बाहेरून मरून रंगाचं रेक्झिन, झाकणाच्या आत पांढरं सॅटिन आणि त्यावर सोनेरी अक्षरांत सोलापूरच्या एका दुकानाचं नाव. घड्याळाच्या कंपनीचं नाव कुठेच नाही, कारण पेटी दुकानाची. खाली मात्र भोकच. घड्याळ ज्यावर बसतं ती उशी, म्हणजे वर मखमल आणि खाली स्पंज असलेला तो पुठ्ठा, गायब. तळाशी पिवळट-तपकिरी भुगा. आई म्हणाली, "एका दिवाळीत साफसफाईला काढली तर ती उशी हातातच विरली रे. टाकून दिली मी." घड्याळ त्यानंतर त्या भोकात हातरुमालात गुंडाळून पडलेलं.

म्हटलं, एका वीकेंडचं काम आहे. पुठ्ठा कापायचा, मखमल चिकटवायची, झालं. (एखादा बग पाहून 'पाच मिनिटांचं काम' म्हणणारा इंजिनियर आणि मी, दोघांची जात एकच.) प्रत्यक्षात या उशीने माझे आठ वीकेंड खाल्ले. त्या आठ वीकेंडांत जे वाचलं, पाहिलं आणि शेवटी जे कळलं, त्याची ही गोष्ट.

*

आधी घड्याळाबद्दल थोडं. आज आपल्या पिढीला वेळ बघायला घड्याळ लागत नाही, त्यामुळे १९७० साली लग्नात घड्याळ मिळणं ही काय चीज होती ते कळायला जरा मागे जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू. परकीय चलनाची चणचण, त्यामुळे आयातीवर बंधनं, आणि बंधनं म्हटली की तस्करी आलीच. सोन्याबरोबर किनाऱ्यावर जी मालाची पोती उतरायची त्यात स्विस घड्याळंही असायची. सत्तरच्या दशकातले हिंदी सिनेमे उगाच नाही स्मगलरांनी भरलेले.

सरकारी उत्तर होतं हिंदुस्थान मशीन टूल्स. ही कंपनी १९५३ साली बंगळुरूमध्ये सुरू झाली ती घड्याळांसाठी नव्हेच, तर यंत्रं बनवणारी यंत्रं बनवण्यासाठी. लेथ, मिलिंग मशीन वगैरे. पण ज्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात धातू कापता येतो, तो घड्याळही करू शकतो. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे जनता, पायलट, कोहिनूर, कांचन, सोना अशी नावं घराघरांत गेली. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलीसुद्धा निघाली. दृष्टिहीनांसाठी ब्रेलमधलं घड्याळ निघालं. नंतर श्रीनगरला, तुमकूरला कारखाने झाले. तरी मागणी अशी की पुरवठा कायम मागे. लग्नाच्या यादीत सायकल, ट्रान्झिस्टर आणि घड्याळ ही त्रिमूर्ती पक्की होती. हुंड्याला 'आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनी हौसेने दिलं' असं म्हणायची सोय त्या त्रिमूर्तीत होती हेही लगे हाथ सांगून टाकतो.

जनता हे या सगळ्यातलं साधंसुधं घड्याळ. साधारण ३५ मिलिमीटरची डबी, १७ ज्वेल, रोज सकाळी चावी द्यायची. त्याचं बॅलन्स व्हील तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावलं की ऐकू येतात. त्याउलट क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. २ चा १५ वा घात! १५ वेळा निम्मं करत गेलं की बरोब्बर एक सेकंद हातात येतो. आमच्या जातीच्या लोकांना हा आकडा पाहून गहिवरून येतं.

हाच आकडा पुढे एचएमटीच्या मुळावर आला. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळात टोकियोत विकायला काढलं, म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या काही महिने आधी. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या एका महामंडळाने मिळून टायटन काढली, होसूरला कारखाना टाकला, आणि चकचकीत शोरूममध्ये क्वार्ट्झ घड्याळं मांडली. एचएमटीलाही क्वार्ट्झ बनवता येत होतं, पण विकता येत नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. गंमत म्हणजे तेव्हापासून जुन्या एचएमटीला भाव आला. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं बोलतात तसं.

*

आता उशी. जुन्या घड्याळांच्या पेट्या पाहायला लागलो तेव्हा एक गोष्ट सारखी दिसायला लागली. पेटी असते, झाकण असतं, कधीकधी गॅरंटी कार्डही असतं. नसते ती आतली उशी. हे असं का?

कारण उशी हा सगळ्यात स्वस्त माल. पेटीचा बाहेरचा भाग गिऱ्हाइकाला दिसतो, म्हणून तिथे बरं रेक्झिन. झाकण उघडल्यावर सॅटिन दिसतं, म्हणून तिथे बरं कापड. उशीच्या आत काय आहे ते कोण बघतंय? मग तिथे स्पंज भरायचा.

आणि हा स्पंज साठच्या दशकानंतर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. ओटो बायर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली लेव्हरकुझेनमध्ये हे रसायन शोधलं. मऊ फोम म्हणून ते बाजारात आलं १९५० च्या दशकात, आणि बघता बघता कापूस, काथ्या, घोड्याचे केस हे सगळं गाद्यांतून, खुर्च्यांतून, मोटारींच्या सीटमधून हद्दपार झालं. हलकं, स्वस्त, लागेल त्या आकारात कापता येणारं. एकच खोट, ते मरतं. त्याच्या एका प्रकाराला हवेतली आर्द्रता खाते, दुसऱ्याला प्रकाश आणि ऑक्सिजन. आधी पिवळं पडतं, मग चिकट होतं, आणि एक दिवस बोट लावलं की भुगा. जगभरातल्या संग्रहालयांत साठ-सत्तरच्या दशकातल्या डिझायनर खुर्च्या ठेवलेल्या आहेत, त्यांची हीच रड आहे. सांगाडा शाबूत, आतला फोम गेलेला.

म्हणजे आईने दिवाळीत टाकली ती उशी आधीच गेलेली होती. आईवरचा आळ मी मागे घेतला. (तिने तो फारसा मनावर घेतलाच नव्हता.)

*

पहिला प्रयत्न अगदी सरळसोट. रविवार पेठेत गेलो, बोहरी आळीतून काळा फोम आणला, लाल मखमल आणली, पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. दिसायला झकास. घड्याळ त्यावर ठेवणार, तेवढ्यात कारागिरांचं एक वाक्य आठवलं. ते म्हणाले होते, "पेटीत ठेवून लोक घड्याळ खराब करतात. वापरून नाही."

मग वाचायला बसलो, आणि अँड्र्यू ऑडी या माणसाची ओळख झाली. हे ब्रिटिश म्युझियममध्ये होते. कपाटात बंद, कोणी हात न लावलेल्या वस्तू खराब का होतात, हा तिथला जुना प्रश्न. उत्तर कपाटातच होतं. लाकूड, कापड, रंग, गोंद यांतून हळूहळू वाफा निघतात आणि बंद जागेत साचतात. लोकरीतून आणि रबरातून गंधकाची संयुगं येतात, ती चांदी काळी करतात. काही लाकडांतून आणि गोंदांतून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल येतं, ते शिसं खातं. ऑडींनी १९७३ साली एक साधी चाचणी मांडली. वापरायचा तो माल, थोडं पाणी आणि धातूचे तुकडे एका बंद भांड्यात ठेवायचे, ऊब द्यायची आणि वाट बघायची. आज ती चांदी, तांबं आणि शिसं घेऊन ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस करतात. संग्रहालयाच्या जगात तिला 'ऑडी टेस्ट'च म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला टाकायच्या आधीचं लोड टेस्टिंग!

म्हटलं, करूया. लोणच्याच्या तीन बरण्या, चांदीच्या जुन्या जोडव्याचे तुकडे, तांब्याची वायर आणि मासे पकडायच्या गळाला लावतात ते शिसं. एका बरणीत काळा फोम, दुसरीत गोंद लावलेली मखमल, तिसरीत टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा पॉलिथिलिनचा फोम. मे महिना होता, बरण्या चार आठवडे गच्चीवर. ही काही खरी ऑडी टेस्ट नव्हे, तापमान स्थिर नाही, काही नाही. पण निकाल डोळ्यांना दिसेल इतका स्पष्ट लागला. काळ्या फोमच्या बरणीतली चांदी तपकिरी-काळी. गोंदाच्या बरणीतल्या शिशावर पांढरी पूड. तिसऱ्या बरणीत मात्र सगळं जसंच्या तसं. मागाहून कळलं की संग्रहालयंही पॉलिथिलिनचाच फोम वापरतात. खोक्यातून काढून आपण कचऱ्यात टाकतो तो!

म्हणजे माझी झकास लाल उशी आजोबांच्या घड्याळाला पुढच्या दहा वर्षांत सावकाश खाणार होती. ती कचऱ्यात गेली.

*

आता नीट करायचं ठरवलं. नीट म्हणजे मूळ उशी कशी होती ते आधी शोधायचं. ड्रॉइंग नाही, फोटो नाही. पण डॉक्युमेंटेशन नसलेला कोड समजून घ्यायचा पगार मिळतो मला. लॉग बघायचे.

पेटीत लॉग भरपूर होते. रात्री खोलीत अंधार केला आणि मोबाइलचा टॉर्च पेटीच्या कडेला आडवा धरला. आडव्या प्रकाशात असे बारीक उंचवटे, खड्डे, रेघा दिसतात जे दिवसा दिसत नाहीत. आतल्या भिंतींवर गोंदाची एक रेघ होती. उशी किती उंचीवर बसत होती ते कळलं, तळापासून १४ मिलिमीटर. तळाच्या कागदावर स्पंजच्या भुग्याचा ठसा होता, त्यात मधोमध एक लांबट पट्टा कोरा. म्हणजे उशीला दोन चिरा होत्या, आणि पट्टा त्यांतून खाली जाऊन मागे दुमडलेला असायचा. पट्ट्याच्या टोकाला, जिथे बक्कल टेकत असणार, तिथे एक हिरवट चौकोनी डाग. पितळी बक्कल, घामातलं मीठ आणि दमटपणा यांचं ते लग्न. आणि झाकणाच्या सॅटिनवर, अगदी पुसट, एक गोल खड्डा. झाकण मिटलं की घड्याळाची काच तिथे टेकत असणार.

व्हर्निअर कॅलिपर आणला. मापं घेतली. मग परत घेतली. मग पेटी बाजूला ठेवून चहा करून आणला आणि तिसऱ्यांदा घेतली.

हिरव्या डागातल्या बक्कलाची आतली रुंदी १० मिलिमीटर. कोरा पट्टाही तेवढाच अरुंद. झाकणावरचा गोल जेमतेम २० मिलिमीटरचा.

जनताचा पट्टा डबीजवळ १८ मिलिमीटर असतो, बक्कलापाशी थोडा कमी. आणि तिची डबी ३५ मिलिमीटरची. ते घड्याळ या उशीवर कधी बसलंच नव्हतं. बसूच शकलं नसतं.

ही पेटी लेडीज घड्याळाची होती.

*

पुढच्या शनिवारी गावी गेलो. आजोबा पारावर गेलेले. आजी भाजी निवडत होती. पेटी तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "आजी, ही पेटी कोणाची?"

तिने चष्मा वर केला, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझी. का रे?"

एवढंच. पन्नासहून जास्त वर्षांत तिला हे कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून तिने सांगितलंही नव्हतं.

आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती हे मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं की १९७१ साली तिने स्वतःच्या पगारातून पैसे साठवून सोलापूरला जाऊन एचएमटीचं लेडीज घड्याळ घेतलं होतं. शाळा दोन शिक्षकी, घंटा द्यायचं काम तिचं. रोज सकाळी घालायची, संध्याकाळी घरी आली की पुसून पेटीत ठेवायची. तो हिरवा डाग म्हणजे तिच्या मनगटाचा घाम होता. आजोबांचं जनता बिनपेटीचंच आलेलं, लग्नात, कागदात गुंडाळून.

मग १९७२ आलं.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आपण शाळेत एक परिच्छेद वाचतो. आधीची दोन वर्षंही पाऊस नीट नव्हता, बहात्तरला त्याने पाठच फिरवली. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या पट्ट्यात विहिरी आटल्या. लोक बायकापोरांसकट खडी फोडायला, तलाव खणायला, रस्त्यांवर माती टाकायला गेले. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, मुलांना सुकडी. याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ चा देशपातळीवरचा रोजगार हमीचा कायदा हा तिचाच वंश. हा झाला इतिहास.

आमच्या घरातला इतिहास असा की दोघांचे पगार येत होते, पण त्यावर खाणारी तोंडं अचानक अकरा झाली. गावाकडचे दीर, जावा, त्यांची मुलं. बैल छावणीत. धाकट्या दिराच्या मुलीला ताप आला तो उतरेना, तिला सोलापूरला न्यायचं ठरलं. विकण्यासारख्या घरात दोन वस्तू होत्या, दोन घड्याळं.

"मग तुझंच का विकलं?" मी विचारलं.

"ह्यांना ड्युटीला लागायचं ना."

"आणि तुला घंटेला?"

आजी मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "भिंतीची सावली यायची पायरीवर. दुसऱ्या पायरीला आली की मधली सुट्टी. पावसाळ्यात चुकायचं जरा." आणि हसली. "पोरांची तक्रार नव्हती. सुट्टी लवकरच व्हायची."

मुलगी बरी झाली. ती आमची नगरची आत्या, जिच्याकडे यंदा गुरुजी ठरवायचं काम आहे. घड्याळ परत कधी घेतलं नाही. रिकामी पेटी कपाटात राहिली, आणि आजोबा निवृत्त झाल्यावर त्यांचं घड्याळ तिच्यात गेलं. तेव्हापासून ती 'आजोबांच्या घड्याळाची पेटी' झाली. मीही तिला तेच म्हणत होतो. या लेखाच्या पहिल्या परिच्छेदांत तुम्हीही तेच समजलात.

*

आता माझ्यापुढे खराखुरा प्रश्न उभा राहिला. उशी कोणासाठी करायची?

सोपा मार्ग असा, की जनताच्या मापाची उशी करायची, १८ मिलिमीटरच्या चिरा पाडायच्या, ठरल्याप्रमाणे आजोबांच्या हातात द्यायची. सगळे खूश, फोटो छान. कोणाला कळणारही नाही. पण अडचण तीच होती, कोणाला कळणार नाही. पेटीत आजीचा जो एवढासा पुरावा उरला होता तो माझ्या नव्याकोऱ्या उशीखाली कायमचा झाकला जाणार, आणि वर १९७० सालची 'ओरिजिनल' जोडी म्हणून एक खोटी गोष्ट पक्की होणार.

जुन्या घड्याळांच्या बाजारात हे रोज चालतं. पेटी आणि कागदपत्रं असली की भाव वाढतो, म्हणून कुठली तरी पेटी कुठल्या तरी घड्याळाला लावतात. घड्याळांचंही तेच. डायल नव्याने रंगवलेला, काटे एकाचे, डबी दुसऱ्याची, असल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं जगप्रसिद्ध झालेलं पाहून ऊर काही भरून येत नाही. पण त्यातले कित्येक कारागीर फसवायला बसलेले नसतात. त्यांच्या दृष्टीने घड्याळ चाललं पाहिजे आणि चकचकीत दिसलं पाहिजे, बस. खोटं सुरू होतं ते कोणीतरी त्याला 'ओरिजिनल' म्हणतो तेव्हा.

इमारतींच्या बाबतीत हा वाद फार जुना आहे. पडलेल्या देवळाचा खांब नवा घडवायचा का, घडवला तर जुन्यासारखाच दिसावा का? १९६४ साली व्हेनिसमध्ये वास्तुरचनाकार आणि जतनतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक सनद लिहिली, व्हेनिस चार्टर. त्यातलं बारावं कलम मला माझ्या पेटीसाठीच लिहिल्यासारखं वाटलं. त्याचा मथितार्थ असा, की गेलेला भाग नव्याने घालायचा तर तो एकूण वस्तूशी जुळला पाहिजे, पण मूळ कोणता आणि नवा कोणता हे ओळखूही आलं पाहिजे. नाहीतर तुम्ही दुरुस्ती करत नाही, पुरावा बनवताय.

ठरलं. उशी पेटीने सांगितलेल्या मापाची करायची. दहा मिलिमीटरच्या चिरांची.

आता काम भराभर झालं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकडून पुठ्ठा घेतला आणि खळ कशी करायची ते शिकलो. गव्हाच्या पिठाची साधी खळ, जुने बाइंडर हीच वापरायचे. कसर लागू नये म्हणून ते त्यात मोरचूद घालतात. मी घातलं नाही, कारण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, धातूच्या शेजारी तो नको. खाली पांढरा पॉलिथिलिनचा फोम, वर दोनदा धुतलेलं सुती मखमली कापड. मूळचा रंग सॅटिनच्या कडेला अडकलेल्या दोन धाग्यांवरून निळा वाटत होता. मी मुद्दाम एक छटा फिकी घेतली. दूरून जुळते, जवळून कळते. उशी चिकटवली नाही, नुसती बसवली, म्हणजे कोणालाही काढता येईल आणि खालचा हिरवा डाग दिसेल. तळाचा भुगासुद्धा एका छोट्या पुडीत घालून तिथेच ठेवला. आणि उशीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: ही उशी नवीन आहे. खाली माझं नाव, महिना, वर्ष. आणि खाली एक ओळ, ही पेटी कोणाची ते.

*

कार्यक्रमाच्या दिवशी घड्याळ आजोबांच्या हातात बांधलं. त्यांनी कानाला लावून ठोके ऐकले आणि सवयीने चावी दिली. पेटी आजीच्या हातात दिली. बाबांना मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प होते. आजीचं घड्याळ विकलं तेव्हा ते वर्षाचे होते.

मी माइकवर दोन वाक्यांत सांगितलं की ही पेटी आजीच्या घड्याळाची आहे आणि ते घड्याळ बहात्तरच्या दुष्काळात गेलं. मांडवात क्षणभर शांतता. नगरच्या आत्याला कोणत्या तापासाठी ते गेलं हे तोपर्यंत ठाऊक नव्हतं. ती उठून आजीजवळ जाऊन बसली. आजोबा मात्र आजीकडे बघून म्हणाले, "घ्यायचं राहून गेलं तुझं." आजी म्हणाली, "राहू दे आता. जेवायला वाढा लोकांना."

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आजोबांनी घड्याळ काढलं आणि ठेवायला पेटी मागितली. पट्टा चिरेत जाईना. आजोबा वैतागले, "अरे, एवढा इंजिनियर तू, माप तरी नीट घ्यायचंस!"

आजीने पेटी त्यांच्या हातातून घेतली. घड्याळ उशीवर आडवंच ठेवलं, झाकण लावलं. ते पूर्ण बसलं नाही, बोटभर उघडं राहिलं. तसंच तिने ते कपाटात ठेवून दिलं.

सध्या मी १९७१ च्या सुमाराचं एचएमटीचं लेडीज घड्याळ शोधतोय. बाजारात जी दिसतात त्यातली निम्मी रंगवलेली आहेत. पण घाई नाही. उशी तयार आहे.